सल्ला कुणाच्या हिताचा? चिनी तरुणांच्या करिअरमार्गदर्शनाचा हिशेब

दरवर्षी ७ जूनला चीनमध्ये गाओकाओ सुरू होते. विद्यापीठ-प्रवेशाच्या या परीक्षेसाठी २०२४ साली १ कोटी ३४ लाख २० हजार मुलांनी नावे नोंदवली. परीक्षाकेंद्रांभोवती बांधकामे थांबवतात, वाहनांचे भोंगे बंद ठेवायला सांगतात, उशीर झालेल्या मुलाला पोलीस आपल्या गाडीवरून केंद्रावर पोहोचवतात. तेवढे दिवस सगळा देश मुलांच्या दिमतीला उभा असतो. परीक्षा संपली की मात्र तेच मूल एकटे पडते. काय शिकावे, कोणत्या कामात आयुष्य घालवावे, याचा विचार करताना त्याच्या शेजारी बसणारे कोण असते? पैसे असतील तर एखादा खासगी सल्लागार. नसतील तर कुणीही नाही.

आपल्याकडे ‘तिथली मुले बघा कशी राबतात’ हे वाक्य दहावी-बारावीच्या घरांत हमखास ऐकू येते. चीनचे कारखाने, रेल्वे, शिस्त यांचे कौतुक आपण पोटभर करतो. मग त्या राबणाऱ्या मुलांचे पुढे काय झाले, हेही आपण डोळे उघडे ठेवून पाहायला नको का? माझे म्हणणे सरळ आहे. मुलाला करिअरचा सल्ला देणारा माणूस फक्त त्या मुलाला बांधील असला पाहिजे. चीनमध्ये तो कधी सरकारच्या आकड्यांना बांधील राहिला, कधी बाजारातल्या फीला; आणि त्याची भरपाई आज कोट्यवधी तरुण करत आहेत. पुढचे मुद्दे त्याच्या पुराव्यादाखल.

१. मार्गदर्शनाची परंपरा होती, ती मोडून टाकली.

करिअरमार्गदर्शन ही पाश्चात्त्य चैन आहे आणि चिनी समाजाला ती परकी आहे, ही समजूत आधी बाजूला ठेवू. बीजिंगच्या त्सिंगहुआ संस्थेत १९१६ सालीच विद्यार्थ्यांना व्यवसायनिवडीबद्दल मार्गदर्शन सुरू झाले होते. पुढच्याच वर्षी ह्वांग यानपेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शांघायमध्ये व्यावसायिक शिक्षणाचा प्रसार करणारी संस्था काढली. ज्याला काम नाही त्याला काम मिळावे आणि ज्याला आहे त्याला ते आनंदाने करता यावे, असे तिचे ध्येय होते. माणसाला कामात आनंद मिळतो की नाही, हा सार्वजनिक चिंतेचा विषय आहे, असे मानणारी माणसे चीनमध्ये शंभर वर्षांपूर्वी होती!

१९४९ नंतर हे सगळे अनावश्यक ठरवले गेले. पदवीधराला कोणत्या शहरात, कोणत्या कारखान्यात किंवा कचेरीत पाठवायचे हे सरकार ठरवू लागले. नोकरी पक्की होती, निवड नव्हती. सांस्कृतिक क्रांतीत मानसशास्त्र हा विषयच भांडवलदारी थोतांड म्हणून बंद पडला. डिसेंबर १९६८ मध्ये माओंचा आदेश निघाला आणि शहरांतल्या तरुणांना खेड्यांत धाडण्याची मोहीम देशभर पेटली. त्या सगळ्या वर्षांत मिळून सुमारे १ कोटी ७० लाख शहरी तरुण शेतांवर पाठवले गेले. बंद पडलेली गाओकाओ १९७७ मध्ये पुन्हा सुरू झाली तेव्हा ५७ लाख जण परीक्षेला बसले आणि जेमतेम २ लाख ७० हजारांना प्रवेश मिळाला. त्यांतले कित्येक जण शेतांवरून आणि कारखान्यांतून, वर्षानुवर्षे पुस्तक न पाहता परीक्षेला आले होते. तीन दशके ज्या समाजात ‘तुला काय व्हायचे आहे’ हा प्रश्न तरुणांना विचारलाच गेला नाही, त्या समाजात तो विचारायला शिकलेली माणसे आपोआप तयार होणार नव्हती. ती तयार करणे हे सरकारचे कर्तव्य होते.

२. सरकारने नेमणुकीची जबाबदारी सोडली आणि तिच्या जागी काहीच ठेवले नाही.

नव्वदच्या दशकात सरकारी नेमणुकीची पद्धत टप्प्याटप्प्याने संपवण्यात आली. ते योग्यच होते. कुणी कुठे राबावे हे मंत्रालयाने ठरवणे कोणत्याही माणसाला शोभणारे नाही. पण त्याच सुमारास, १९९९ मध्ये, विद्यापीठांचे दरवाजे एकदम उघडले. आदल्या वर्षी सुमारे १० लाख ८० हजार प्रवेश झाले होते, ते एका वर्षात १६ लाखांवर गेले. २००१ मध्ये बाहेर पडलेले पदवीधर होते ११ लाख ४० हजार. २०२५ मध्ये १ कोटी २२ लाख. पाव शतकात दहापटीहून जास्त.

एवढ्या मुलांना ‘आता तुमचे तुम्ही शोधा’ असे सांगताना सरकारने त्यांच्या हाती काय दिले? विद्यापीठांतल्या करिअरविषयक अभ्यासक्रमाच्या अपेक्षा शिक्षण मंत्रालयाने लिहून काढल्या त्या २००७ च्या अखेरीस. किमान ३८ तासिका असाव्यात, असे त्यात सुचवले होते. म्हणजे प्रवेशांचा लोंढा सुरू झाल्यावर आठ वर्षांनी! त्या आठ वर्षांत शिकून बाहेर पडलेल्या मुलांचे काय?

घरातून सल्ला मिळाला असता, असे कुणी म्हणेल. पण घर तरी कुणाचे? आजोबांना नेमणूक मिळाली होती. वडील बाहेर पडले तेव्हा कारखाने माणसे शोधत हिंडत होते. मंद बाजारात, शंभर वाटांमधून एक निवडण्याचा अनुभव त्या घरात कुणालाच नव्हता. शिवाय अनेक वर्षांच्या एक-मूल धोरणामुळे दोन पालक आणि चार आजी-आजोबा यांच्या सगळ्या आशा एकाच पोराच्या खांद्यावर. त्या सहा जणांची माया खरी आहे, काळजी खरी आहे, पण त्यांची माहिती वीस वर्षे जुनी आहे. मायेला माहितीची जोड देणारी व्यवस्था उभी न करता सगळा भार कुटुंबावर लोटणे, ही सरकारची जबाबदारीतून पळवाट होती.

३. त्या पोकळीत भीतीचा बाजार उभा राहिला.

गाओकाओचा निकाल जूनच्या अखेरीस लागतो आणि काही दिवसांतच पसंतीक्रम भरावा लागतो. नव्या पद्धतीत शांडोंग प्रांतातल्या मुलाला ९६ पर्याय भरता येतात, लिआओनिंगमध्ये ११२. प्रत्येक पर्याय म्हणजे एक विद्यापीठ आणि त्यातली एक शाखा. अठरा वर्षांचे मूल, ज्याने तीन वर्षे सकाळपासून रात्रीपर्यंत फक्त प्रश्नपत्रिका सोडवल्या, त्याने आठवडाभरात अशा शंभर ओळी भरायच्या. एकदा मिळालेली शाखा बदलणे तिथे फार काळ महाकठीण होते. अलीकडे काही विद्यापीठांनी नियम सैल केले आहेत इतकेच.

अशा वेळी झांग श्वेफेंग यांच्यासारखा माणूस देशभर प्रसिद्ध झाला नसता तरच नवल. ईशान्य चीनमधल्या चिचिहार भागातल्या साध्या घरातून आलेल्या या माणसाने इंटरनेटवर मुलांना आणि पालकांना तोंडावर सल्ला द्यायला सुरुवात केली. माझ्या मुलाला पत्रकारिता शिकायची असेल तर मी त्याला बेशुद्ध पाडीन, अशा अर्थाचे त्यांचे २०२३ मधले विधान चीनभर गाजले. प्राध्यापक चिडले, पालकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच वर्षी त्यांच्या कंपनीच्या मार्गदर्शनाची किंमत ११,९९९ आणि १७,९९९ युआन होती, आणि ते हातोहात विकले गेले. त्या वर्षी चीनच्या ग्रामीण भागातले दरडोई वार्षिक उत्पन्न होते २१,६९१ युआन. म्हणजे महागडा पर्याय घेतला तर खेड्यातल्या एका माणसाची दहा महिन्यांची मिळकत, एका पसंतीक्रमासाठी!

झांग यांना खलनायक ठरवणे मला मान्य नाही. श्रीमंताच्या मुलाने आवडीचा विषय घ्यावा, गरिबाच्या मुलाने आधी पोट भरेल अशी शाखा पाहावी, हे त्यांचे म्हणणे कठोर आहे, पण गरीब घरांना ते कुणीतरी स्पष्ट सांगितले याचा दिलासा वाटला. विद्यापीठांची माहितीपत्रके असे बोलत नाहीत. प्रश्न असा आहे की हा स्पष्ट सल्ला सरकारी शाळेत, फुकट, त्या मुलाची आवड आणि कुवत ओळखणाऱ्या शिक्षकाकडून का मिळाला नाही? आणि लाखो मुलांना एकच सूत्र सांगितल्यावर ती सगळी एकाच दाराशी गर्दी करणार, याची काळजी कुणी वाहायची? ‘पक्की’ समजली जाणारी वाट पदवी हाती येईपर्यंत टिकेलच, याची कुणी हमी देऊ शकत नाही. २०१८ मध्ये शिकवणी-व्यवसाय तेजीत होता. जुलै २०२१ मध्ये सरकारने एका आदेशाने तो आटवला आणि ‘न्यू ओरिएंटल’ या एकट्या कंपनीने ६० हजार माणसे कमी केली. घरबांधणी तेजीत होती म्हणून स्थापत्य अभियांत्रिकीकडे मुले धावली; एव्हरग्रांदसारखी बडी बांधकाम कंपनी कोसळली आणि ती तेजीही ओसरली. गरिबाला सल्ला विकत घ्यावा लागतो आणि तो चुकला तर नुकसान त्यानेच सोसायचे असते. ही व्यवस्था अन्यायाचीच आहे.

४. सरकारी समुपदेशक आहे, पण तो मुलाचा नाही.

इथे कुणी विचारेल, चिनी विद्यापीठांत समुपदेशक नाहीत का? आहेत. नियमच आहे: दर २०० विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ विद्यार्थी-सल्लागार. कागदावर हे प्रमाण आपल्याला हेवा वाटावा असे आहे. पण २०१७ च्या नियमांत त्याची कामे वाचा. राजकीय विचारांचे शिक्षण, पक्षशाखा आणि वर्गाची बांधणी, अभ्यासाचे वातावरण, रोजचे व्यवस्थापन, मानसिक आरोग्य, इंटरनेटवरील विचारप्रबोधन, आणीबाणीचे प्रसंग हाताळणे, आणि त्यातच करिअर नियोजन व रोजगार-मार्गदर्शन. मुलाच्या विचारांवर नजर ठेवणारा आणि त्याच्या स्वप्नांविषयी विचारणारा माणूस एकच! त्याच्यापुढे कोणते मूल मोकळेपणाने म्हणेल की मला हा विषय नकोसा झालाय, मला सरकारी नोकरी नको, मला वर्षभर थांबून विचार करायचा आहे?

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. विद्यापीठाची कामगिरी पदवीधरांच्या रोजगारदरावरून जोखली जाते. २०११ मध्ये शिक्षण मंत्रालयाने जाहीर केले की ज्या शाखेचा रोजगारदर सलग दोन वर्षे ६० टक्क्यांखाली राहील, तिचे प्रवेश कमी करावेत किंवा बंद करावेत. वरवर पाहता हे शहाणपणाचे वाटते. काम न देणारी शाखा चालू का ठेवायची? पण विभागाचे अस्तित्व एका टक्केवारीला टांगले की त्या विभागातला माणूस मुलाकडे कशाच्या नजरेने पाहील? पदवीपूर्वी कुठेतरी करारावर सही केलेले मूल म्हणजे भरलेला रकाना, आणि विचार करत थांबलेले मूल म्हणजे रिकामा.

परिणाम व्हायचे तेच झाले. आपल्या नकळत आपल्याला नोकरी लागल्याचे कागदावर दाखवले गेले आहे, असे पदवीधर २००९ मध्ये उघडपणे सांगू लागले. ओळखीच्या दुकानदाराचा शिक्का आणा, नातेवाइकाच्या कंपनीचे पत्र आणा, नाहीतर पदवीचा कागद अडकेल, अशा तक्रारी वर्षानुवर्षे येत राहिल्या. शेवटी मंत्रालयालाच बंदी घालावी लागली: विद्यार्थ्याला करारावर सही करायला भाग पाडू नये, पदवी-प्रमाणपत्र अडवून धरू नये, खोटी कागदपत्रे मागू नयेत. ही बंदी पुन्हा पुन्हा बजावावी लागते, यातच सगळे आले. आजार माहीत आहे, पण आजाराचे मूळ असलेली टक्केवारी कायम आहे. नाडी तपासणारा वैद्य रोगी बरा झाला की नाही हे न पाहता किती रोगी दवाखान्याबाहेर काढले यावर पगार घेऊ लागला, तर त्याच्याकडे कोण जाईल?

विद्यार्थ्यांच्या करिअर नियोजनाची राष्ट्रीय स्पर्धाही आता भरते. पहिली २०२३ मध्ये जाहीर झाली. हुशार मुले व्यासपीठावर आपल्या आयुष्याचा आराखडा मांडतात, परीक्षक गुण देतात. त्या मुलांचे कौतुक आहे. पण ज्याला काही सुचतच नाही, जो गोंधळलेला आहे, घाबरलेला आहे, त्याच्यासाठी स्पर्धा काय कामाची? समुपदेशनाची गरज तर त्यालाच आहे. रोजगारदर वाढवण्यासाठी नेमलेला माणूस समुपदेशक नसतो. तो भरतीचा कारकून असतो.

५. आकडे झाकून सल्ला देता येत नाही.

करिअरचा कोणताही प्रामाणिक सल्ला खऱ्या आकड्यांवर उभा असतो. जून २०२३ मध्ये चीनच्या शहरांतल्या १६ ते २४ वयाच्या तरुणांमधली बेरोजगारी २१.३ टक्क्यांवर गेली. ऑगस्टमध्ये सांख्यिकी विभागाने हा आकडा प्रसिद्ध करणेच थांबवले. जानेवारी २०२४ मध्ये तो नव्या पद्धतीने परत आला. शिकत असलेल्या मुलांना वगळून डिसेंबरचा दर १४.९ टक्के सांगण्यात आला. शिकणाऱ्यांना वगळण्यामागे तर्क असेल, त्यावर चर्चा होऊ शकते. पण मधले काही महिने, ज्या काळात १ कोटी १५ लाखांहून जास्त नवे पदवीधर काम शोधत होते, त्यांना बाजार कसा आहे हे सांगायला सरकारचा अधिकृत आकडाच नव्हता! आणि नव्या पद्धतीनेही ऑगस्ट २०२५ मध्ये दर १८.९ टक्क्यांवर पोहोचलाच. वाईट बातमी लपवल्याने मुलांचे धैर्य वाढत नाही. त्यांना चुकीच्या वाटेवर पाठवल्याचे पाप मात्र लपवणाऱ्याच्या माथी लागते.

६. दोष तरुणांच्या माथी मारण्यात आला.

२०२३ च्या वसंतात चिनी तरुण स्वतःची तुलना कोंग यीजीशी करू लागले. लू श्यून यांच्या १९१९ मधल्या कथेतला हा पढीक, दरिद्री माणूस. फाटका झाला तरी विद्वानाचा लांब झगा अंगावरून उतरवत नाही, म्हणून श्रमिकांतही त्याला जागा नाही आणि प्रतिष्ठितांतही नाही. पदवी ही आमच्या अंगावरचा तोच झगा आहे, असे मुले म्हणू लागली. त्यावर सरकारी माध्यमांनी उपदेश केला की झगा उतरवा आणि मिळेल ते काम करा. तरुण संतापले. त्यांचा संताप मला पूर्णपणे रास्त वाटतो. हा झगा अंगावर चढवला कुणी? पंधराव्या वर्षी परीक्षेच्या एका चाळणीने मुले वेगळी काढली जातात. त्यांतली बरीचशी व्यावसायिक शाळांकडे वळवली जातात, आणि तिकडे गेलेला मुलगा ‘हरला’ असे सगळा समाज मानतो. अशा देशात पालक पदवीसाठी जिवाचे रान करतील, की मुलाला कारागीर होण्याचे प्रोत्साहन देतील?

व्यावसायिक शिक्षणाला सामान्य शिक्षणाइतकेच महत्त्व आहे, असे १ मे २०२२ पासून लागू झालेला सुधारित कायदा म्हणतो. कायद्यातले वाक्य चांगले आहे. पण प्रशिक्षणाच्या नावाखाली व्यावसायिक शाळांतली मुले कारखान्यांच्या जुळणीपट्ट्यांवर उभी केल्याची प्रकरणे वारंवार उघड झाली. अभ्यासाशी संबंध नसलेल्या कामावर त्यांना पाठवू नका, असे सरकारला नियमांत लिहावे लागले. पगार, प्रतिष्ठा आणि शहरात राहण्याचा हक्क (तो तर हुकोऊ या नोंदणीपद्धतीने १९५८ पासून जन्मगावाशी जखडलेला) हे तिन्ही बदलल्याशिवाय ‘श्रमाला प्रतिष्ठा द्या’ हा उपदेश पोकळ आहे. हाताच्या कामाचा मान वाढवायची ज्यांची जबाबदारी होती, त्यांनी तो मान नाही म्हणून मुलांना बोल लावणे हा उद्दामपणा आहे.

७. पस्तिशीनंतर माणूस संपतो का?

नागरी सेवेच्या भरतीसाठी ३५ ची वयोमर्यादा १९९४ पासून होती. खासगी कंपन्यांनीही तीच रेघ उचलली. नोकरीच्या जाहिरातींत ‘३५ च्या आत’ हे सर्रास लिहिले जाते. स्त्रियांची अवस्था आणखी बिकट. लग्न झाले का, मूल कधी होणार, असे प्रश्न मुलाखतीत विचारू नयेत, हे सांगायला २०१९ मध्ये नऊ सरकारी विभागांना एकत्र येऊन सूचना काढावी लागली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने आपल्या भरतीची मर्यादा ३८ वर नेली, हे पाऊल बरोबर आहे. पण त्याच भरतीत ३८,१०० जागांसाठी ३७ लाखांहून जास्त अर्ज पात्र ठरले. एका जागेमागे सत्त्याण्णवहून जास्त जण! तेविसाव्या वर्षीच ज्याला पस्तिशीचे भय दाखवले जाते, तो धाडस कशाला करेल, नवे काही शिकायला दोन वर्षे का देईल? तो सुरक्षित खुर्चीमागेच धावेल. तरुण भित्रे झाले असे म्हणणाऱ्यांनी त्यांना भिववणारा नियम आधी मोडावा.

८. ‘आमची संस्कृतीच अशी’ ही सबब आहे.

चिनी घरांत आईवडिलांचा शब्द अखेरचा, म्हणून समुपदेशन रुजत नाही, असे एक म्हणणे आहे. त्यात थोडे तथ्य आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांच्या सहा प्रकारांवर आधारलेल्या अभिरुची चाचण्या चीनमध्येही वापरल्या जातात. या चाचण्या एका व्यक्तीला एकटे बसवून ‘तुला काय आवडते’ हे विचारतात. जिथे निर्णय घरातले सगळे मिळून घेतात, तिथे हे पुरे पडत नाही. वडिलांच्या इच्छेचा मान राखणे हे त्या मुलाचे स्वतःचे मूल्य असू शकते. ते दुबळेपण समजून समुपदेशकाने झटकून टाकू नये. म्हणून पालकांना खोलीबाहेर ठेवण्याऐवजी आत बोलवा, त्यांना आजचा बाजार समजावून सांगा, मुलाचे म्हणणे त्यांच्यासमोर मांडायला मुलाला मदत करा. हे काम अवघड आहे, पण अशक्य मुळीच नाही.

त्याच संस्कृतीची माणसे इतरत्र काय करत आहेत ते पाहा. हाँगकाँगने २०१४ च्या धोरणात माध्यमिक शाळांना जीवन-नियोजनाच्या शिक्षणासाठी दरवर्षी सुमारे ५ लाख हाँगकाँग डॉलरचे अनुदान देऊ केले. तैवानच्या २०१९ च्या अभ्यासक्रमाने उच्च माध्यमिक शाळांत विषयनिवडीसाठी सल्लागार शिक्षक आणले. सिंगापूरने २०१५ पासून प्रौढांच्या कौशल्यशिक्षणाची मोहीम हाती घेतली, २५ वर्षांवरच्या नागरिकांना प्रशिक्षणासाठी ५०० सिंगापूर डॉलर दिले, आणि २०२४ मध्ये चाळिशी ओलांडलेल्यांना आणखी ४ हजार. चीनच्या मुख्य भूमीवर पस्तिशीत नाकारले जाणारे माणूस सिंगापुरात चाळिशीनंतर पुन्हा शिकायला बोलावले जाते! सिंगापूर काही नंदनवन नाही. तिथे बाराव्या वर्षीची परीक्षा अजून मुलांच्या छातीवर बसलेली आहे. पण या तिन्ही ठिकाणी पूर्वज तेच, कन्फ्यूशियस तोच, आईवडिलांचा धाक तोच. फरक पडला तो धोरणाने, म्हणून संस्कृतीला दोष देणे आता थांबवावे.

९. हा प्रश्न आपल्या दारातही उभा आहे.

चिनी मुलांची चिंता आपण कशाला करावी, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी हा मुद्दा. महाराष्ट्रातली अनेक कुटुंबे मुलांना डॉक्टर करण्यासाठी चीनला पाठवत आली आहेत. ‘नीट’मध्ये सरकारी जागा हुकली, इथल्या खासगी कॉलेजची फी झेपत नाही, मग कुणीतरी एजंट घरी येतो, कमी खर्चातल्या एमबीबीएसचे चित्र रंगवतो आणि शेतीचा तुकडा किंवा घर गहाण पडते. हा एजंट समुपदेशकाचा अवतार घेऊन येतो, पण त्याचे कमिशन प्रवेशावर ठरलेले असते. पुढे मुलगा डॉक्टर होतो की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. चौथ्या मुद्द्यातली टक्केवारी आणि इथले कमिशन यांत काय फरक आहे?

परिणाम बीजिंगमधल्या आपल्याच दूतावासाने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केले. चीनमध्ये शिकून भारतात व्यवसाय करण्यासाठी आवश्यक असलेल्या परीक्षेला २०१५ ते २०२१ या काळात बसले ४०,४१७ विद्यार्थी, उत्तीर्ण झाले ६,३८७. शंभरात सोळा. उरलेल्यांचे काय झाले? त्यांच्या आईवडिलांच्या कर्जाचे काय झाले? कोविडच्या काळात तर हजारो भारतीय विद्यार्थी दोन वर्षांहून अधिक काळ इथे घरी बसून पडद्यावर वैद्यक शिकत होते. रुग्णाला हात न लावता! अठरा वर्षांच्या मुलाला या जोखमीची कल्पना द्यायला त्याच्या कॉलेजात कुणी होते का?

शांडोंगच्या खेड्यातला बाप आणि मराठवाड्यातला बाप, दोघेही पैसे मोजून अशा माणसाचा सल्ला घेत आहेत ज्याचे हित मुलाच्या हितापासून वेगळे आहे. तिथल्या बापाला सरकारला जाब विचारण्याची सोय फारशी नाही. आपल्याला आहे, आमदार आहे, वर्तमानपत्र आहे, माहितीचा अधिकार आहे. मग आपण गप्प का? प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेशाच्या कमिशनशी संबंध नसलेला, पगारी, प्रशिक्षित समुपदेशक का नसावा? परदेशी प्रवेश करून देणाऱ्या एजंटांची नोंदणी सक्तीची का नसावी, आणि त्यांनी पाठवलेल्या मुलांपैकी किती पुढे पात्र ठरली हे त्यांच्या दारावर का लावलेले नसावे?

तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. परदेशी वैद्यकीय पदवीधरांच्या या परीक्षेत कोणत्या संस्थेतून आलेली किती मुले बसली आणि किती उत्तीर्ण झाली, याचे तपशील परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने प्रसिद्ध केले आहेत. नागरिकहो, एजंटच्या हातावर पहिला रुपया ठेवण्याआधी त्याने सुचवलेल्या विद्यापीठाचा आकडा त्यात शोधा, मुलासोबत बसून वाचा, आणि तो दाखवायला जो टाळाटाळ करेल त्याला उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवा.